आम्हाला सुपरहिरो म्हणण्याआधी हे कार्टून बघा



मुक्काम जयपूर. युनिट कुठलं, काम काय, हे तुम्ही विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही, हा आपला जुना करार. हवामहलाचं वर्णन आणि कचोरीचं कौतुक वाचायला आलेल्यांची आज थोडी निराशा होईल, कारण आज मी भांडायला बसलोय. भांडण एका जपानी कार्टूनवरून आहे आणि समोर तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष आमच्या बॅरकमधला. "चाळिशीला आलास, दोन पोरांचा बाप झालास, आणि कार्टून काय बघत बसतोस रे?" दुसरा पक्ष ॲनिमे कोळून प्यायलेल्या तरुण पोरांचा. त्यांना कार्टूनचं वावडं नाही, पण सगळं सोडून हीच मालिका का, हा त्यांचा सवाल. त्यांच्या मते ती सातव्या भागात फुटली ती पुन्हा सांधलीच नाही. तिसरा पक्ष सगळ्यांत मोठा, आणि आपण या भांडणात आहोत हेच त्याला ठाऊक नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी आली की आम्हाला 'खरे सुपरहिरो' म्हणणारी मंडळी म्हणजे हा पक्ष. त्यात आपले काही माजी सैनिक बांधवही आले. राग मानू नका, पण या पक्षाशीच मला खरं बोलायचंय. पहिल्या दोघांना वाटेतच निपटवतो.

मालिकेचं नाव 'सामुराई फ्लेमेन्को'. ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि मार्च २०१४ मध्ये बावीस भागांवर संपली. दिग्दर्शन ताकाहिरो ओमोरीचं, लेखन हिदेयुकी कुराताचं. बनवली मँग्लोब नावाच्या स्टुडिओनं. याच स्टुडिओची 'सामुराई चॅम्प्लू' ही २००४ सालची मालिका आजही नावाजली जाते. 'फ्लेमेन्को' संपून दोन वर्षं व्हायच्या आत, २०१५ मध्ये, स्टुडिओचं दिवाळं निघालं. तिकडचेही बरेच लोक ही मालिका विसरले असतील, मग आपल्याकडे कोणाला माहीत असणार?

गोष्ट अशी. मासायोशी हाझामा हा देखणा तरुण पोटासाठी मॉडेलिंग करतो. लहानपणापासून टीव्हीवरचे मुखवटेवाले वीर पाहून त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलंय, आपणही सुपरहिरो व्हायचं. त्याच्या नावाची जपानी अक्षरं वाचली तर अर्थ होतो 'न्याय'. पण अंगात शक्ती काही नाही. उडता येत नाही, मारामारी येत नाही. घरी शिवलेला पोशाख, तोंडावर मुखवटा आणि पोटात खूप प्रामाणिकपणा, एवढंच भांडवल. पहिल्याच रात्री एका दारुड्याशी झटापट होते, दारुड्याच्या सिगरेटनं पोशाख पेटतो, आणि गल्लीत उघडा बसलेला हा वीर हिदेनोरी गोतो नावाच्या साध्या पोलीस शिपायाला सापडतो. तिथून दोघांची दोस्ती सुरू होते.

पुढचे काही भाग हा बाबा काय करतो? रात्री उशिरा रस्त्यावर टवाळक्या करणाऱ्या शाळकरी पोरांना "घरी जा" म्हणतो आणि त्यांच्याकडून मार खातो. कचरा चुकीच्या वेळी बाहेर ठेवणाऱ्यांना हटकतो. एक अख्खा भाग तर गोतोच्या हरवलेल्या छत्रीवर आहे. जपानमध्ये दुकानाबाहेरच्या स्टँडमधून दुसऱ्याची छत्री उचलून नेणं ही 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायची गोष्ट आहे, जशी आपल्याकडे देवळाबाहेरून चप्पल जाणं. मासायोशीला ते चालत नाही. त्याचं म्हणणं साधं आहे: छोटी गोष्ट सोडून दिली की मोठी गोष्ट सोडून द्यायची सवय लागते.

आता पहिल्या पक्षाला उत्तर. अहो, आपली पिढी तरी काय बघून मोठी झाली? इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ गावोगावच्या एसटी स्टँडवर मिळायचा. दूरदर्शनवर 'जायंट रोबो' यायचा, तोही जपानीच. १९९७ साली 'शक्तिमान' आला आणि भर दुपारी अख्खी आळी एका टीव्हीपुढे बसायला लागली. त्या मालिकेतले उडण्याचे प्रसंग आज बघा, हसू येईल. पण भागाच्या शेवटी मुकेश खन्ना पोरांना समोर घेऊन स्वच्छतेचे, खरं बोलण्याचे, मोठ्यांचं ऐकण्याचे धडे द्यायचे, ते आजही डोक्यात आहेत. म्हणजे आपला सगळ्यांत गाजलेला सुपरहिरोसुद्धा शेवटी सांगायचा काय, तर नखं कापा आणि कचरा डब्यात टाका. मराठीतही २०१५ साली निखिल महाजननं श्रेयस तळपदेला घेऊन 'बाजी' केला. आपल्या मातीतला मुखवटेवाला वीर उभा करायचा प्रयत्न होता. किती जणांना आठवतो? पहिल्यांदा चुकतमाकत काही करणाऱ्याला आपण दुसरी संधी देत नाही, हा आपला जुना रोग. तेव्हा कार्टून बघतो म्हणून हसू नका. तुम्ही वेताळाच्या कवटीची अंगठी कागदावर काढून बोटाला बांधली होती, मला माहीत आहे.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. सहा भाग ही मालिका साधी, घरगुती, हसरी असते. सातव्या भागात पोलीस अमली पदार्थांच्या अड्ड्यावर धाड घालतात. नेहमीचं काम, टीव्हीवाल्यांसमोर मिरवायची संधी. आणि त्या खोलीतल्या एका माणसाचा बघता बघता अक्राळविक्राळ गोरिला होतो, पोटात गिलोटिनचं पातं असलेला. एका पोलिसाचं मुंडकं उडतं. आधी कसली चाहूल नाही, तयारी नाही, खुलासा नाही. तिथून पुढे राक्षसांची रांग लागते, किंग टॉर्चर नावाचा खलनायक येतो, पाच रंगांच्या पोशाखातलं पथक येतं, यंत्रमानव येतो, परग्रहवासीसुद्धा येतात. समीक्षक म्हणाले, लेखकाचं डोकं फिरलंय. छत्रीची गोष्ट सांगता सांगता माकडावर कसा गेला?

मंडळी, मी टीकाकार नाही. मी गणवेशातला माणूस आहे, आणि मला सातवा भाग या मालिकेतला सगळ्यांत खरा भाग वाटतो. आमचं आयुष्य असंच फुटतं. सकाळी फॉलइनमध्ये बुटाच्या पॉलिशवरून बोलणी खाल्लेली असतात. लंगरमध्ये डाळ पातळ म्हणून कुरकुर चाललेली असते. कोणाची सुट्टी मंजूर झाली, कोणाच्या पोराला दहावीला किती पडले, असल्या गप्पा मारत पार्टी निघते. आणि एका वळणावर स्फोट होतो. आधी पार्श्वसंगीत बदलत नाही. कोणी सूचना देत नाही की आता गोष्टीचा प्रकार बदलतोय. सकाळी डाळीवरून भांडणारा माणूस दुपारी नसतो. आणि संध्याकाळी त्याच्या पेटीतल्या सामानाची यादी करताना बुटाचं पॉलिश सापडतं.

युद्धपटात असं कधी होत नाही. तिथे मरणारा जवान आदल्या रात्री बायकोचा फोटो बघतो, म्हणजे प्रेक्षकाला कळतं, उद्या हा जाणार. गाणं होतं, पत्र होतं, मग गोळी लागते. ती गोष्ट बांधेसूद असते, तिच्यात एक ओरखडा नसतो, आणि म्हणूनच ती खोटी असते. 'फ्लेमेन्को'चा सातवा भाग वेडावाकडा आहे, आणि माझ्या अनुभवाला तोच जुळतो. कुराताच्या मनात हेच होतं का, ते मला ठाऊक नाही आणि त्यानं काही फरकही पडत नाही. कलाकृती बघणाऱ्याच्या आयुष्याला कुठे भिडते, हे लिहिणाऱ्याला विचारून ठरत नाही.

तरीही मी वकीलपत्र आंधळेपणानं घेतलेलं नाही. दोष आहेत, आणि भरपूर आहेत. मधल्या भागांत चित्रं इतकी ढिसाळ आहेत की चेहऱ्यांचे आकार दर दृश्यात बदलतात. मारामारीत माणसं हलण्याऐवजी कॅमेराच हलतो. राक्षसांची मालिका ताणलेली आहे. दहा मिनिटांत उरकायचं, त्याला दोन-दोन भाग लागलेत. सगळ्यांत मोठा अन्याय मारी माया या पात्रावर झालाय. ती गायिका, तीही मुखवटा घालून 'फ्लेमेन्को गर्ल' होते. लढण्याची नशा चढलेली आणि मग त्याच लढाईनं आतून मोडलेली बाई, म्हणजे अर्धी मालिका तोलून धरेल असा ऐवज. लेखकानं तिला नीट उभी केली आणि मग वाऱ्यावर सोडली. याला माझ्याकडे सफाई नाही.

पण जयपुरात राहून मी एक गोष्ट रोज बघतो. हवामहल समोरून पाच मजली, नऊशेच्या वर खिडक्यांचा, भव्य. मागच्या बाजूनं जा. वरचे मजले जेमतेम एका खोलीइतके रुंद आहेत. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी तो बांधला तोच मुळी राणीवशाला आडून रस्ता दिसावा म्हणून, तेव्हा त्यात फसवणूक काही नाही. पण आजच्या चकचकीत सुपरहिरो सिनेमांचं तसं नाही. समोरून शंभर खिडक्या आणि मागे राहायला एक खोली नाही. 'फ्लेमेन्को'चं उलटं आहे. दर्शनी भिंतीचं प्लॅस्टर पडलंय, पण आत माणसं राहतात.

आता तिसरा पक्ष.

जयपूरच्या विधानसभेजवळ अमर जवान ज्योती आहे. संध्याकाळी तिच्यावर रंगीत दिवे लागतात आणि बघायला गर्दी जमते. चांगलं आहे, लोकांनी यावं. साध्या कपड्यांत मीही जातो. तिथे लोक फोटो काढतात, पोरांना सॅल्यूट करायला शिकवतात. आणि मग त्यातलेच काही जण हातातला आइस्क्रीमचा कप, चाटून पुसून, तिथेच कठड्यावर ठेवून निघून जातात. सॅल्यूटही खरा असतो आणि कपही खरा असतो. एकाच माणसाच्या एकाच हातानं, पाच मिनिटांच्या अंतरानं.

मासायोशी तिथे असता तर? स्मारकापुढे भाषण ठोकलं नसतं. तो त्या कपामागे लागला असता.

हा माझा मुद्दा आहे. सैनिकाला सुपरहिरो म्हणणं ही आपल्याकडे एक सोय झाली आहे. सुपरहिरो म्हटलं की तो वेगळ्या जातीचा प्राणी ठरतो. त्याचं काम त्याच्यापाशी, आपण टाळ्या वाजवायला मोकळे. रांगेत कोणी कुरकुर केली की लगेच फॉरवर्ड येतो, "तिकडे सियाचीनमध्ये जवान उभा आहे आणि तुला इथे दोन तास उभं राहवत नाही?" माजी सैनिकांच्या ग्रुपवरही हे फिरतं. माफ करा, पण सियाचीनमधल्या जवानाला विचारलंय का कोणी? तो तिथे उभा आहे तो इथली रांग सरळ चालावी म्हणून. त्याचं नाव घेऊन रांगेतल्या माणसाचं तोंड बंद करावं म्हणून नाही. आमच्या थंडीचा उपयोग दुसऱ्याला गप्प करायला होत असेल, तर ती आमची इज्जत नव्हे, आमचा वापर आहे.

मालिकेत यावर एक भन्नाट प्रकरण आहे. जपानचा पंतप्रधान स्वतः चिलखत घालून लढायला उतरतो, आणि त्या चिलखताची ताकद कशावर चालते, तर त्याच्या लोकप्रियतेच्या टक्क्यांवर. टक्का वाढला की ताकद वाढते. मग टक्का वाढवायला शत्रू लागतो, आणि कालपर्यंत लोकांचा लाडका असलेला फ्लेमेन्को एका रात्रीत देशाचा दुश्मन ठरवला जातो. टाळ्या वाजवणारे हात तेच असतात. गणवेशात असताना राजकारणावर बोलायचं नाही, हा नियम मी पाळतो, आणि माझा रोख कोणा नेत्यावर नाही. माझा रोख त्या चिलखतावर आहे. टाळ्यांवर चालणारं चिलखत आम्हाला घालू नका. टाळ्या थांबल्या की ते तिथल्या तिथे बंद पडतं. आमचं काम टाळ्यांच्या विजेवर चालत नाही. ते चालतं सरावावर, तेलपाण्यावर आणि शेजारच्या माणसावर.

जयपूरचंच उदाहरण देतो. डिसेंबर १९७१. लेफ्टनंट कर्नल भवानीसिंह, जयपूरच्या राजघराण्याचे वारस, १० पॅरा कमांडोचे जवान घेऊन जीपगाड्यांतून वाळवंट ओलांडून सिंध प्रांतात घुसले आणि छाछरो घेतलं. त्यांना महावीर चक्र मिळालं. आता याची गोष्ट सांगायची म्हटली तर किती सोपी! राजा, रात्र, वाळवंट, स्वारी. अंगावर काटा येतो, आणि यावाच. पण सैनिकाच्या कानानं ऐका. ती स्वारी होण्याआधी महिनोन्महिने वाळूत सराव झाला होता. रात्री दिशा चुकायची नाही, इंजिन तापू द्यायचं नाही, पाणी किती न्यायचं, चाक रुतलं तर आवाज न करता कसं काढायचं. शेकडो छोट्या गोष्टी होत्या आणि त्यातली एकही 'चालतंय की' म्हणून सोडलेली नव्हती. शौर्य त्या सगळ्याच्या टोकाला आलं. टोकाचा फोटो काढायचा आणि खालचा डोंगर विसरायचा, याला मी सुपरहिरोपण म्हणतो.

इथे ज्या कमांडचं मुख्यालय आहे तिचं नावच सप्त शक्ती. नाव ऐकून एखाद्या पोराला वाटेल, सात रंगांच्या पोशाखातले सात वीर असतील. प्रत्यक्षात अशा कमांडमधला माणूस दिवसभर काय करतो? गाडीखाली झोपून ग्रीस भरतो, स्टोअरच्या वहीत नोंदी जुळवतो, दुर्बिणीच्या काचा पुसतो, नव्या रिक्रूटला तीच गोष्ट शंभराव्यांदा शिकवतो. मालिकेत मासायोशीला हत्यारं बनवून देणारा जुन हाराझुका हा स्टेशनरी कंपनीतला संशोधक आहे. त्याची हत्यारं म्हणजे स्टेपलर आणि मोजपट्टीसारख्या ऑफिसच्या वस्तू. लोक यावर हसतात. आमच्या क्वार्टरमास्टरला दाखवा, तो हसणार नाही. तो विचारेल, स्टॉक किती आहे?

१९७१ चं नाव निघालंच आहे, तर आता गोतोबद्दल बोलतो. त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

गोतो मालिकेचा नायक नाही. तो मुखवटा घालत नाही. ड्यूटी करतो, थकतो, मासायोशीच्या खुळचटपणावर वैतागतो आणि तरी प्रत्येक वेळी त्याला सोडवायला जातो. त्याची एक प्रेयसी आहे, दूरगावी राहते. दोघांचे मोबाईलवर सतत निरोप चालतात. ती प्रेक्षकाला कधी दिसत नाही. आपण धरून चालतो की दूर आहे, म्हणून दिसत नाही. खूप उशिरा कळतं की शाळेत असताना ती एक दिवस नाहीशी झाली आणि परत आलीच नाही. मेली म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. ते निरोप गोतोच लिहितो. तिच्या नावानं स्वतःला पाठवतो आणि स्वतःच उत्तर देतो. वर्षानुवर्षं. आणि तरी रोज सकाळी गणवेश चढवून कामावर जातो.

हे पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बेपत्ता झालेले आणि पाकिस्तानच्या कैदेत असावेत असं मानलेले चोपन्न जण, ही यादी आपल्या प्रत्येक माजी सैनिकाला ठाऊक आहे. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी नाव आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ते लढाऊ विमान घेऊन सीमेपलीकडे गेले आणि परतले नाहीत. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर त्यांचं आयुष्य पाठपुराव्यात गेलं. २००७ साली अशा काही कुटुंबीयांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेण्यात आलं, त्यात त्याही होत्या. कोणी सापडलं नाही.

वीरगती मिळालेल्यांसाठी आपल्याकडे विधी आहे. तिरंगा आहे, बिगुल आहे, भिंतीवर नाव आहे. बेपत्ता माणसासाठी काय आहे? कुंकू ठेवायचं की पुसायचं, श्राद्ध घालायचं की वाट बघायची, याचं उत्तर कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं. सुपरहिरोच्या गोष्टीत ही माणसं बसत नाहीत, कारण त्यांच्या गोष्टीला शेवट नाही, आणि शेवट नसलेल्या गोष्टीवर टाळ्या वाजवता येत नाहीत. एका ढिसाळ चित्रांच्या, फसलेल्या म्हणून गणलेल्या जपानी कार्टूननं मात्र अशा माणसाला मध्यभागी आणून बसवलं. त्याला वेडा ठरवलं नाही. त्याच्यावर दयेचं संगीत ओतलं नाही. तो जगतोय, कामावर जातोय आणि त्याच्या खिशात तो मोबाईल आहे, एवढंच दाखवलं. आपल्या करोडो रुपयांच्या युद्धपटांपैकी एकानं हे केलेलं मला दाखवा, मी हा लेख मागे घेईन.

शेवटही सांगून टाकतो. ज्यांना आधी कळायला नको, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. राक्षस संपतात, परग्रहवासी संपतात आणि उरतो एक शाळकरी पोरगा, हाइजी सावादा. त्याला मासायोशीचा अखेरचा शत्रू व्हायचंय. तो गोतोच्या मोबाईलमधले ते सगळे निरोप पुसून टाकतो. गोतो कोसळतो आणि पिस्तूल घेऊन त्या पोराला मारायला निघतो. मासायोशी तिथे पोहोचतो तो पोशाखाशिवाय, मुखवट्याशिवाय, अंगावर एक चिंधीही न ठेवता, पहिल्या भागात गल्लीत सापडला होता तसा. आणि सांगतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, माझ्याशी लग्न कर. बॅरकमध्ये या ठिकाणी हशा पिकला. पिकू दे. दृश्य विचित्र आहे, बेढब आहे, आणि तसंच ते असायला हवं.

हसणाऱ्यांना मी एकच विचारलं. रात्री दोनची संत्री ड्यूटी. हातात भरलेली रायफल. घरून आलेला फोन मनात घोळतोय, जमिनीचा वाद, आजारी आई, नाहीतर बायकोचं तुटलेलं बोलणं. सुट्टी पुढे ढकललेली. अशा वेळी तुमच्या जोडीदाराला कोण वाचवतं? मंत्रालयातलं परिपत्रक? टीव्हीवरची चर्चा? 'खरे सुपरहिरो' लिहिलेला बॅनर? वाचवतो तो शेजारचा माणूस, ज्याला आपण बडी म्हणतो. लाज सोडून, हुद्दा सोडून, तोंडाला येईल ते बोलून जो त्याचं बोट ट्रिगरवरून काढून घेतो. त्या वेळी काय बोललो ते नंतर दोघांनाही सांगता येत नाही, इतकं ते वेडंवाकडं असतं. प्रत्येक युनिटमध्ये असा एखादा माणूस असतो. त्याला पदक मिळत नाही, कारण जे घडलंच नाही त्याची शिफारस कशी लिहायची?

तेव्हा तिन्ही पक्षांना शेवटचं सांगून संपवतो. बॅरकवाल्यांनो, बावीस भाग आहेत, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे, दोन रविवारांत संपतात. तुमच्या पत्त्यांच्या डावाला याहून जास्त वेळ जातो. ॲनिमेवाल्या पोरांनो, गुण देताना चित्राला जेवढे कापायचे तेवढे कापा, पण गोतोचे कापू नका.

आणि सुपरहिरोवाल्यांनो, तुमचं प्रेम खरं आहे यात मला शंका नाही. पण आम्ही उडत नाही. आम्हाला गुडघेदुखी आहे, घराचे हप्ते आहेत, भीती आहे. आमच्यासाठी काही करायचंच असेल तर स्मारकावरचा तुमचा कप उचला. गल्लीतल्या माजी सैनिकाचं पेन्शनचं काम अडलं असेल तर त्याच्यासोबत कचेरीत एक चक्कर मारा. शेजारी एखादी बाई कोणाची वाट बघत असेल, तर तिला "आता विसर" म्हणू नका. तिच्याकडे चहाला जा आणि त्या माणसाचं नाव घेऊन बोला.

एवढं करायला मुखवटा लागत नाही. करून बघा, मग वाटलं तर आम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

जय हिंद. पुढचं पत्र पाऊस पडला तर पावसावर.